जमीन माणसं गिळत नाही
"भूकंपात जमीन दुभंगते, माणसं आत जातात नि भेग पुन्हा मिटते." किल्लारीच्या वेळेपासून हे ऐकतोय. भूकंप होतो तो खडक एकमेकांना घासून सरकतात म्हणून. मध्ये फट असती तर घासलं काय असतं? मऊ मातीत भेगा पडतात, पण उथळ. १९९३मध्ये किल्लारीत जीव घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी.

जमीन बदलते, ती वेगळ्या तऱ्हेने. १६ जून १८१९च्या भूकंपात कच्छच्या रणात सुमारे ८० किलोमीटर लांब पट्टा काही मीटर उचलला गेला. दक्षिणेकडची जमीन खचली नि तिथे पाणी भरलं. सिंद्रीच्या किल्ल्याचा बुरूज तेवढा पाण्याबाहेर उरला. वर आलेला पट्टा बांधासारखा, पण माणसाने घातलेला नव्हे, म्हणून लोक त्याला म्हणाले अल्लाबंद. अडलेल्या नदीने १८२६च्या पुरात तो फोडला.