पृथ्वीची मुक्त आंदोलने

मोठ्या भूकंपानंतर संपूर्ण पृथ्वी टोला दिलेल्या घंटेप्रमाणे स्वतःच्या ठरावीक आवर्तकालांनी (एका कंपनास लागणाऱ्या वेळांनी) कंप पावत राहते. या कंपनांना मुक्त आंदोलने म्हणतात. त्यांचे गोलाभीय व व्यावर्ती असे दोन प्रकार आहेत. व्यावर्ती आंदोलनांत थर केवळ आडवे पिळले जातात. सर्वांत संथ गोलाभीय आंदोलनात पृथ्वी लिंबासारखी लांबट आणि पुन्हा संत्र्यासारखी चपटी होते. त्याचा आवर्तकाल सु. ५४ मिनिटे आहे.

पृथ्वीएवढ्या पोलादी गोलासाठी ब्रिटिश गणितज्ञ लव्ह यांनी १९११ मध्ये सु. ६० मिनिटांचा आवर्तकाल काढला होता. प्रत्यक्ष शोधाचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. रशियातील कॅमचॅट्काच्या १९५२ मधील भूकंपाच्या आलेखात अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ बेनिऑफ यांना ५७ मिनिटांचे आंदोलन आढळले. हे मूल्य आज मान्य असलेल्या मूल्याहून अधिक आहे, आणि त्या आलेखाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या. त्यामुळे २२ मे १९६० रोजीच्या चिलीच्या भूकंपाची (महत्ता ९.५) निरीक्षणे हाच पहिला निर्विवाद पुरावा मानणे योग्य होय. पृथ्वीच्या परिवलनामुळे एकाच आंदोलनाच्या वारंवारता किंचित विभागल्या जातात, हेही त्याच नोंदींत दिसले. सुमात्राच्या २००४ मधील भूकंपाने पृथ्वीचा पृष्ठभाग सर्वत्र किमान सु. १ सेंमी. हलला, त्यात नागपूरही आले. इतकी संथ हालचाल माणसाला जाणवत नाही.

भूकंप नसतानाही पृथ्वी अखंड गुणगुणत असते, हे १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. या गुणगुणीचे आवर्तकाल काही मिनिटांचे असतात. प्रारंभी याचे कारण वातावरणातील खळबळ मानले गेले. परंतु गुणगुणीचे उगम त्या-त्या गोलार्धाच्या हिवाळ्यातील वादळी महासागरांत सापडत असल्याने सागरी लाटांचे स्पष्टीकरण अधिक पटते.

७.८३ हर्ट्झच्या ‘शूमान अनुस्पंदना’ला पृथ्वीची धडधड म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो चुकीचा असून वाचकांनी सोडून द्यावा. भूपृष्ठ व आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) यांमधील पोकळीत विजांमुळे उठणाऱ्या त्या विद्युतचुंबकीय लहरी होत. वैशाखात नागपूरवर कडाडणारी वीजही त्यांत भर घालते. खडक मात्र त्यांमुळे हलत नाहीत.

स्थानिक अनुस्पंदन, म्हणजे जमिनीचा व इमारतीचा आवर्तकाल जुळून हादरे वाढणे, याहून वेगळे. खडकावरील मऊ मातीच्या थराचा आवर्तकाल जाडीच्या चौपटीस कर्तन तरंगांच्या (जमीन आडवी हलवणाऱ्या भूकंप-लहरींच्या) वेगाने भागून मिळतो: १० मी. जाडी व सेकंदाला २०० मी. वेग असल्यास ०.२ सेकंद, म्हणजे साधारण दुमजली घराइतका. नागपुरातील सीताबर्डीची टेकडी बेसाल्टच्या कठीण खडकाची आहे. काळ्या मातीवरील वस्त्यांत मात्र हा मऊ थर मोजून घ्यावा लागतो.