तंबोऱ्याची जवारी आणि लॅपटॉपची दमछाक

कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात किंवा सुगम संगीताच्या साथीला की-बोर्ड वाजवणाऱ्यांना पुढच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरकडून, म्हणजे संगणकावर वाद्यांचे आवाज तयार करणाऱ्या प्रोग्रामकडून, काय हवे आहे असे विचारले, तर उत्तरे साधारण ठरलेली असतात. तंबोरा खराखुरा वाटावा, मींड घेता यावी म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरता यावे, सूर हवे तसे लावता यावेत आणि हे सगळे जुन्या लॅपटॉपवर न अडकता चालावे. पाठोपाठ तक्रारही येते की, संगणक एवढे वेगवान झाले तरी कंपन्यांना हे साधे काम का जमत नाही? काम साधे आहे हाच यातला गैरसमज आहे. पहिली आणि शेवटची मागणी एकमेकींशी भांडतात आणि त्या भांडणाचे मूळ तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर आहे.

सॉफ्टवेअरमधले बरेचसे तंबोरे म्हणजे ध्वनिमुद्रणे असतात. प्रत्येक तारेचा आवाज मुद्रित करून ठेवायचा आणि कळ दाबली की तो वाजवायचा, ही पद्धत पियानोला पुष्कळ अंशी मानवते. तंबोऱ्याला ती तोकडी पडते, कारण छेडलेली तार अजून घुमत असतानाच पुढची तार छेडली जाते आणि लाकडी घोडीतून व भोपळ्यातून त्या तारा एकमेकींना हलवत राहतात. शिवाय मुद्रित आवाज वेग वाढवून दोन सूर वर नेला, तर जवारीचा, म्हणजे तारेच्या झणकाराचा, उलगडाही तेवढाच घाईने होतो आणि तंबोरा खेळण्यातला वाटू लागतो.

दुसरा मार्ग आवाज साठवण्याऐवजी तारेचे गणित करण्याचा आहे. केव्हिन कारप्लस आणि ॲलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत यातली सर्वांत देखणी. छेडलेल्या तारेवरून लहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येते आणि या एका फेरीला लागणारा वेळ म्हणजेच सुराचा आवर्तकाल. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० आकड्यांनी बनतो. पुरुष गायकाची काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ, अर्थात सेकंदाला तेवढी आंदोलने, म्हणून तिच्या एका फेरीत साधारण ३१८ आकडे बसतात. एवढ्या आकड्यांची रांग करायची आणि सुरुवातीला तिच्यात वाटेल ते आकडे भरायचे. मग दर खेपेला रांगेतला पहिला आकडा ध्वनिक्षेपकाकडे पाठवायचा, त्याची आणि त्याच्या मागच्या आकड्याची सरासरी काढायची आणि ती रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची. एवढेच करत राहिले की सुरुवातीच्या गोंगाटातून तार छेडल्यासारखा स्वच्छ सूर निघतो. सरासरीमुळे झपाट्याने बदलणारे आकडे आधी सपाट होतात, म्हणजे उंच स्वरांश (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंप्रतांचे त्यात मिसळलेले सूर) लवकर विरतात आणि मूळ स्वर मागे रेंगाळतो. खऱ्या तारेतही असेच घडते. बेरीज आणि निम्मे करणे याखेरीज यात काही नसल्यामुळे त्या काळच्या साध्या यंत्रांनाही ते झेपले.

यात एक मेख आहे. रांगेतल्या आकड्यांची संख्या पूर्णांकच असते. काळी एकच्या पट्टीत ३१८ ऐवजी ३१७ आकडे घेतले तर सूर अर्धस्वराच्या वीसाव्या भागाहून थोडाच अधिक सरकतो. तीन सप्तके वर मात्र रांग अवघ्या चाळीस आकड्यांची उरते आणि एक आकडा कमी केला की सूर अर्धस्वराच्या चाळीस टक्क्यांहून अधिक चढतो. म्हणून दोन आकड्यांमधली किंमत अदमासाने काढावी लागते. तरीही इथवरचा खर्च किरकोळ आहे.

खर्च वाढतो तो जवारीपाशी. गिटारची तार एका अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित बाक देऊन घासलेला असतो. तार छेडली की ती प्रत्येक आंदोलनात त्या बाकावर थोडी लपेटते आणि पुन्हा सुटते, त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी एकाच आंदोलनात सतत बदलत राहते. तार आणि घोडी यांच्यामधला सुती दोरा पुढे-मागे सरकवताना पाहावे. एका जागी तार नुसतीच ठणकते. दोरा केसभर पुढे नेला की तीच तार झणकारत उघडते आणि एकामागून एक स्वरांश उतरत येतात. आणखी थोडा पुढे नेला तर ती चिरकते. मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांचे कसब त्या माथ्यावरच्या काही केसभर लाकडात असते.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नेमके हेच वैचित्र्य टिपले होते. नेहमीच्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडली, त्या बिंदूवर ज्या स्वरांशात तार हलतच नाही, तो स्वरांश ऐकू येऊ नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा आणि चौथा स्वरांश गायब व्हायला हवेत. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, कारण घोडीचा बाक तारेची ऊर्जा खालच्या स्वरांशांकडून वरच्या स्वरांशांकडे सतत पोचवत असतो.

हे संगणकावर उतरवायचे तर वरची साधी रांग पुरत नाही. तारेचे अनेक बिंदू करावे लागतात, त्यांतला कोणता या क्षणी घोडीला टेकला आहे हे तपासावे लागते आणि टेकलेल्या प्रत्येक बिंदूवर घोडी किती जोराने उलट ढकलते ते काढावे लागते. तो जोर तारेच्या जागेवर अवलंबून असतो आणि तारेची जागा त्या जोरावर, त्यामुळे उत्तर एका दमात निघत नाही. अंदाज करून तो सुधारत जावे लागते. असे सेकंदाला ४४,१०० वेळा, आणि तेही चार तारांसाठी. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात मार्टेन वान वाल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात तंबोऱ्याचे असे प्रारूप तयार केले, म्हणजे गोष्ट अशक्य कोटीतली नाही.

पुढचा अडथळा अधिक सूक्ष्म आहे. तार घोडीवर आपटल्यामुळे लहरीला टोकदार कोपरे येतात आणि असा कोपरा म्हणजे अतिशय उंच कंप्रतांचा समूह असतो. सेकंदाला ४४,१०० आकडे घेणाऱ्या पद्धतीत २२,०५० हर्ट्झच्या वरची कंप्रता मावतच नाही आणि न मावलेली कंप्रता नाहीशी न होता दुमडून खाली येते. जुन्या चित्रपटांत धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, तसाच हा प्रकार आहे. ३०,००० हर्ट्झचा स्वरांश १४,१०० वर येऊन बसतो आणि त्याचे मूळ सुराशी कसलेच नाते नसल्याने कानाला तो खरखरीसारखा लागतो. बऱ्याच सिंथेसायझरांचा वरच्या पट्टीतला ‘डिजिटल’ कर्कशपणा हाच असतो. यावर उपाय म्हणजे आतले गणित चौपट दराने, सेकंदाला १,७६,४०० वेळा करायचे, वरचा भाग गाळून टाकायचा आणि मग दर पूर्ववत आणायचा. खर्चही सरळ चौपट.

आता लॅपटॉपचे पाहू. कळ दाबल्यावर आवाज लगेच यावा म्हणून संगणक आकड्यांचे लहान गट बनवतो. २५६ आकड्यांचा गट ५.८ मिलिसेकंदांत तयार झाला नाही, तर आवाज तुटतो आणि ‘कट’ असे ऐकू येते. गट १,०२४ चा केला तर संगणकाला उसंत मिळते, पण आवाज २३ मिलिसेकंद मागे राहतो आणि तबल्याबरोबर वाजवणाऱ्याला ते लगेच खुपते. नवा, अधिक गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर घेऊन प्रश्न सुटेल ही आशाही अर्धीच खरी आहे. चार तारा चार गाभ्यांवर वाटता येतात, पण एकाच तारेचा पुढचा क्षण मागच्या क्षणाशिवाय काढता येत नाही.

सुरांच्या मागणीचे उत्तर तुलनेने सोपे आहे. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९.३ हर्ट्झची असते आणि तिचा पाचवा स्वरांश ३४६.५ हा स्वयंभू गंधार. की-बोर्डचा गंधार ३४९.२ वर असल्याने दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला जवळजवळ तीनदा हेलकावतो. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर वेगळा लावायची सोय असायलाच हवी आणि ती न देण्याला तांत्रिक सबब नाही. त्याऐवजी, वाद्ये लावायच्या नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या जागी ४३२ हर्ट्झचे बटण मागणारेही भेटतात. ४३२ ही विश्वाची नैसर्गिक कंप्रता असून तिने रोग बरे होतात, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. हर्ट्झ हे माप सेकंदावर आधारलेले आहे आणि सेकंद माणसाने ठरवला आहे; ४४० आणि ४३२ यांत अर्धस्वराच्या तिसऱ्या भागाएवढाच फरक आहे; आणि ज्या परंपरेत षड्ज गळ्यावरून ठरतो, तिच्यात या आकड्याला जागाच नाही.

मींडेची अडचण कोणती कळ दाबली हे की-बोर्डकडून संगणकाला कळवणाऱ्या, १९८३ च्या मिडी या संकेतपद्धतीतून आली. तिच्यात सूर वाकवण्याची आज्ञा संपूर्ण वाहिनीला लागू होते, म्हणून एक स्वर वाकवला की त्याच वाहिनीवर धरलेले सगळे वाकतात. २०१८ मध्ये स्वीकारलेल्या एमपीई पद्धतीने प्रत्येक स्वराला स्वतःची वाहिनी दिली आणि २०२० च्या मिडी २.० मध्ये प्रत्येक स्वर मुळातच स्वतंत्र वाकतो. ज्या गोविंदराव टेंब्यांनी या गावात पेटीला मान मिळवून दिला, त्यांच्या पेटीला मींड निघत नव्हती. त्यामानाने आजच्या वादकाची ही मागणी जवळपास पुरी झाली आहे.

तेव्हा कंपन्यांना मागण्या कळवताना ‘खरा आवाज द्या’ एवढेच लिहून भागणार नाही. घोडीचा बाक आणि दोऱ्याची जागा बदलणारी दोन वेगळी नियंत्रणे मागावीत, कारण तयार दिलेला ‘तंबोरा’ एकाच कारागिराने एकाच गळ्यासाठी लावलेला असतो. दर्जाचीही दोन रूपे मागावीत. मंचावर वाजवताना कमी बिंदूंचे आणि साध्या दराचे हलके गणित चालावे आणि तेच वादन ध्वनिमुद्रणासाठी फाइलमध्ये उतरवताना चौपट दराचे जड गणित आपोआप सुरू व्हावे. तिथे ५.८ मिलिसेकंदांची घाई नसते, त्यामुळे एका मिनिटाच्या तंबोऱ्याला जुन्या लॅपटॉपने दहा मिनिटे घेतली तरी चालतात.