पावडरचा डबा आणि काळी माती

गेल्या आठवड्यात मावशींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज पाठवला. "बाळाला पावडर लावू नका, तो संगमरवराचा चुरा असतो. त्यापेक्षा मातीचा लेप लावा, अंगातलं विष ओढून काढतो."

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळलं की फेस येतो. पावडरीतलं खनिज वेगळं, टाल्क. शुद्ध टाल्कवर कितीही पिळा, एक बुडबुडा येत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात शंखजिरे म्हणून मिळतं, तेच हे खनिज. आणि अंगातलं विष बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, चिखल नाही. लेपाच्या नावाखाली महागड्या पुड्या विकणाऱ्यांनी हे कधीच सांगितलेलं नसतं.

पण त्या मेसेजात पावडर आणि माती शेजारी-शेजारी आली आणि मला राहवेना. कारण डब्यातली पावडर आणि आमच्या परभणीच्या शिवारातली काळी माती एकाच घराण्यातल्या आहेत.

दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत चिमूटभर टाल्क भुरभुरा. ते पाण्याच्या पावणेतीन पट जड, तरी बुडत नाही, सायीसारखं वर तरंगतं. दुसरीत रानातलं वाळलेलं ढेकूळ टाका. बुडबुडे सुटतात, ढेकूळ कडेने फुगतं आणि बघता बघता ढासळून वाटीच्या तळाशी बसतं. एकाला पाणी नको, दुसऱ्याला हवंच हवं.

टाल्कचा एक थर म्हणजे पुरणपोळी समजा. वरचा-खालचा पापुद्रा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या जाळीचा, मधलं पुरण मॅग्नेशियमचं. जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पोळी आतून पक्की असते. पण तिच्यावर विद्युतभार शून्य, त्यामुळे चळतीतल्या शेजारणीशी तिचं नातं अगदी जुजबी. बोटांत चोळलं की पोळ्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून साबणासारखा गुळगुळीत स्पर्श. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी केली, तिच्यात हिरा दहावा आणि टाल्क पहिलं. आपलं नखसुद्धा त्याहून कठीण.

आता पुरण बदलू. मॅग्नेशियमच्या आयनावर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूवर, २ धनभार, तीन जागा भरल्या की ६. त्याच तीनपैकी दोनच जागा ३ धनभाराच्या ॲल्युमिनियमने भरल्या तरी तीन दुणे सहा. हिशेब जुळतो, पोळी तशीच राहते. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, झिजून जी माती झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं असं खनिज भरपूर असतं. फक्त ते घडताना साधारण सहा ॲल्युमिनियममागे एका जागी मॅग्नेशियम येऊन बसतं. ३ च्या जागी २. एका भाराची तूट पडते आणि पोळीवर ऋणभार उरतो. तो भागवायला कॅल्शियम-सोडियमचे आयन दोन पोळ्यांच्या फटीत शिरतात, आणि त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. मृगाचा पाऊस पडला की पोळी-पोळीतलं अंतर वाढत जातं, थर दीडपट, कधी जवळजवळ दुप्पट जागा व्यापतो आणि सगळं रान फुगतं. मे महिन्यात तेच पाणी उडून जातं. मग भेगा. लहानपणी आजोबांच्या शेतात मी अशा भेगेत कोपरापर्यंत हात घालून पाहिलाय. वर पाय भाजत होते आणि आत माती गार होती. काळीत घर बांधायचं तर पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, हे गावातल्या गवंड्याला कुणी शिकवावं लागत नाही.

ही तूट आणखी वाढली, पापुद्र्यातल्या चार सिलिकॉनपैकी एकाची जागा ॲल्युमिनियमने घेतली, की पोटॅशियम फटीत इतकं घट्ट बसतं की पाण्याला वाटच उरत नाही. ते अभ्रक. म्हणजे शून्य तूट असेल तर टाल्क, थोडी असेल तर काळी माती, पुरी असेल तर अभ्रक. एवढ्याशा भाराच्या फरकावर आपली अख्खी शेती उभी आहे, हे मला आजही थरारून टाकतं.

यावरून पावडर घाम "पिते" हा समजही तपासता येतो. टाल्कचा कण आत पाणी घेत नाही. कणाकणांमध्ये थोडा ओलावा अडकतो एवढंच. तिचं खरं काम कातडीला कातडी घासू न देण्याचं. घामोळ्यांच्या पावडरीचा गारवा मेंथॉलचा असतो. तोच घसरडेपणा टायरमधल्या ट्यूबला चिकटू देत नाही, औषधाच्या गोळ्या साच्यातून सुटायला मदत करतो. हडप्पाकालीन मुद्रा याच मऊ दगडात कोरून भाजलेल्या आहेत. भाजल्यावर तो कठीण होतो.

मावशींना मी लिहिलं की बाळाला पावडर लावू नका हे तुमचं बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं आहे. ही बारीक धूळ श्वासावाटे बाळाच्या फुफ्फुसात जाते. शिवाय खाणीत टाल्कच्या सोबतीने ॲस्बेस्टॉस हे कर्करोग करणारं तंतुमय खनिज सापडू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आहे. अंघोळीनंतर बाळाच्या मानेच्या वळ्या, काखा आणि जांघा सुती फडक्याने नीट टिपल्या तरी पुरे.