पार्श्वभूमी: जिवाणू आधी आले, त्यांचं अन्न मागाहून

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ दाह होणारे दोन आजार) झालेल्या माणसाला आज प्रोबायोटिक्स, म्हणजे उपकारक जिवंत जिवाणू, आणि चोथा (फायबर) हे दोन्ही सल्ले एका दमात मिळतात. पण या दोन विचारांची गाठ पडायला निम्म्याहून अधिक शतक जावं लागलं.

पहिला विचार पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला. इल्या मेचनिकॉफ यांच्या मते (1908 चं नोबेल त्यांना रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरच्या कामासाठी मिळालं, दह्यासाठी नव्हे) मोठ्या आतड्यात अन्न कुजून विष तयार होतं आणि माणूस अकाली म्हातारा होतो. उपाय म्हणजे बल्गेरियासारखं आंबवलेलं दूध, कारण त्यातले जिवाणू ही कुज रोखतील. मोठं आतडं हा अवयवच नको, असा तो काळ होता. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली.

पुढचं पाऊल युद्धामुळे पडलं. पहिल्या महायुद्धात बाल्कनमधल्या दोब्रुजा भागात सैनिक आमांशाने बेजार होते, एक जर्मन सैनिक मात्र ठणठणीत. त्याच्या विष्ठेतून 1917 मध्ये फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ल यांनी ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. ज्या जिवाणूच्या नावानेच आपण नाक मुरडतो, त्याचंच औषध! 2004 मध्ये 327 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शांत झालेला अल्सरेटिव्ह कोलायटिस वर्षभरात पुन्हा उफाळण्याचं प्रमाण या वाणावर 36 टक्के, तर मेसालाझिन या नेहमीच्या औषधावर 34 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. क्रोन्समध्ये मात्र प्रोबायोटिक्सना असं यश मिळालं नाही.

चोथ्याची गोष्ट युगांडातली. तिथे वीस वर्षं काम केलेले सर्जन डेनिस बर्किट आणि डॉक्टर ह्यू ट्रॉवेल यांना पाश्चात्त्यांचे आतड्याचे आजार तिथल्या लोकांत क्वचितच दिसत. 1970 च्या सुमारास त्यांनी याचा संबंध तिथल्या भरपूर चोथ्याच्या जेवणाशी जोडला. मोठ्या आतड्याच्या भिंतीला छोट्या पिशव्या येण्याच्या विकारात तोवर कमी चोथ्याचं पथ्य देत; आता उलट जास्त चोथा खायला सांगू लागले. पण चोथा काम करतो कसा? शौचाचं आकारमान वाढवून, एवढंच उत्तर होतं.

दोन्ही वाटा जोडल्या त्या संशोधक रोडिगर यांनी, 1980 मध्ये. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट हे मेदाम्ल आहे आणि ते जिवाणू चोथा आंबवून तयार करतात, हे त्यांनी दाखवलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा पेशींच्या उपासमारीचा आजार असेल का, हा त्यांचा प्रश्न मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2013 मध्ये उंदरांत दिसलं की हेच ब्युटिरेट दाह आवरणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) वाढवतं. 2016 मध्ये महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चोथा न मिळालेले जिवाणू आतड्याचं श्लेष्म-आवरणच (आतून रक्षण करणारा चिकट थर) कुरतडतात. हा प्रयोगही उंदरांवरचाच.

बाजार मात्र पुराव्याच्या फार पुढे धावला. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशन या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2020 मध्ये सांगितलं की कोलायटिस आणि क्रोन्समध्ये प्रोबायोटिक्स फक्त चाचण्यांपुरतीच द्यावीत. चोथाही सरसकट गुणकारी नाही. स्टॅनफर्डच्या 2021 मधल्या अभ्यासात 36 निरोगी प्रौढांपैकी आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांची दाहाची लक्षणं दाखवणारी 19 प्रथिनं घटली. भरपूर चोथा खाणाऱ्यांत तशी सरसकट घट दिसली नाही. शिवाय काही रुग्णांचे जिवाणू विशिष्ट प्रकारचा चोथा आंबवूच शकत नाहीत आणि तो न आंबलेला चोथाच दाह वाढवू शकतो.