घरगुती स्पीकर कॅबिनेट बांधणी (सोलापूर)

स्पीकर कॅबिनेट म्हणजे स्पीकर ज्या लाकडी पेटीत बसवतात ती पेटी, कुणी हिला बॉक्स म्हणतं तर कुणी डबा, आणि ही पेटी कंपनीची तयार न घेता स्वतः मोजून, कापून, चिकटवून घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत किंवा अंगणात बनवणं म्हणजे घरगुती कॅबिनेट बांधणी. सोलापूर हे आवाजाचं शहर आहे, पूर्व भागात घराघरात यंत्रमागाची खडखड, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, मग शिवजयंती, १४ एप्रिल, गणपती, त्यामुळे स्पीकर इथल्या पोरांच्या डोळ्यासमोर लहानपणापासून असतो आणि उघडून बघायची हौस पण तिथूनच येते.

पेटी लागतेच कशाला हे आधी बघू. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ओढली जाते, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोब्बर उलट असतो. बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, लाटा कित्येक फूट लांब असल्यामुळे त्या स्पीकरला वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि खोडून टाकतात. म्हणून उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला की ढोलकीची थाप लागतच नाही, नुसती चिरचिर. पेटी मागचा आवाज कोंडते किंवा वळवून कामाला लावते.

आज आपण वापरतो तसला कॉइल-मॅग्नेटचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. १९५४ ला एडगर विल्चर यांनी अमेरिकेत एआर-१ आणला, त्यात पेटी पूर्ण बंद होती आणि आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करायची, त्यामुळे छोट्या पेटीतून खोल बेस यायला लागला. पण घरी बनवणाऱ्यांसाठी खरा फरक पाडला तो ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिएल यांनी १९६१ च्या निबंधात आणि नंतर १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी. स्पीकरचे ठराविक आकडे मोजले की त्याला पेटी कुठली लागणार हे कागदावर काढता येतं हे त्यांनी दाखवलं, म्हणून त्या आकड्यांना आजही थिएल-स्मॉल पॅरामीटर्स म्हणतात.

आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. मिरवणुकीतला एखादा दणकेबाज बॉक्स आवडला की टेप लावून माप घ्यायचं, तसाच बॉक्स ठोकायचा आणि आत आपल्याला परवडेल तो दुसराच स्पीकर बसवायचा, ही पद्धत मोडीत काढायला पाहिजे, कारण माप स्पीकरचं असतं, लाकडाचं नाही. समजा स्पीकरच्या कागदावर एफएस (मोकळा स्पीकर स्वतःहून ज्या सुरावर थरथरतो तो) ४० हर्ट्झ, क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते त्याचा आकडा, कमी म्हणजे लवकर आवरते) ०.४ आणि व्हीएएस (कोनाच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकीच ताठ भरणारी हवा) ४० लिटर लिहिलंय. बंद पेटीत बसवल्यावरचा एकूण क्यू ०.७ च्या आसपास धरला तर आतली जागा १९ लिटरच्या जवळ येते आणि पेटीचा रेझोनन्स, म्हणजे पेटीत बसलेला स्पीकर स्वतःहून ज्या सुरावर थरथरतो तो, ७१ हर्ट्झला. हाच स्पीकर १० लिटरच्या डब्यात कोंबला तर क्यू ०.९ ला जातो, रेझोनन्स ८९ हर्ट्झला, मग एकच एक सूर घुमत राहतो आणि लोक म्हणतात स्पीकर खराब आहे. स्पीकर खराब नसतो, त्याला जागा कमी पडलेली असते. विनआयएसडी सारखं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं दोन मिनिटात काढून देतं, तेव्हा अंदाजाने ठोकायला आता काही कारणच उरलेलं नाही.

दुसरा प्रकार पोर्टवाला, म्हणजे पेटीला पाइप लावून त्यातली हवा ठराविक सुरावर हलवायची. पोर्टसाठी प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप छान चालतो, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, ७५ मिमीचा पाइप म्हणजे बाहेरून ७५, आतून साधारण ७० भरतो. ३५ लिटरची पेटी ४० हर्ट्झला ट्यून करायची तर आतून ७५ मिमी धरून लांबी १८ सेंमी येते आणि ७० धरून साडेपंधरा. १८ चा कापला तर ट्युनिंग ३७-३८ हर्ट्झवर घसरतं. म्हणून पाइप आतून मोजायचा आणि आधी थोडा लांबच कापायचा, कमी नंतर करता येतो. उन्हाळ्यात पारा ४२ ला गेला की आवाजाचा वेग वाढतो आणि ट्युनिंग पण तीनेक टक्के वर सरकतं, पण ते कानाला कळत नाही, त्याच्या नादी लागू नये.

लाकडात १८ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबलेला बोर्ड, सगळ्यात सरळ काम करतं, गाठी नाहीत, कड स्वच्छ निघते, पण पाण्याला अजिबात टिकत नाही आणि वजन पण बरंच. घराबाहेर न्यायची पेटी असेल तर चांगला प्लायच घ्यावा, वाळवी आणि ओल दोन्हीचा विचार करून. ८ बाय ४ चा शीट घरी आणून हाताने कापण्यापेक्षा दुकानातच मशीनवर फाडून घ्यायचा, कारण काटकोन तिथेच बसतो आणि एक मिमीचा फरक पण जोडात दिसतो. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यात रेझिन म्हणजे चिकटवायचं रसायन असतं, मास्क न लावता राउटर (स्पीकरचं भोक कापायचं मशीन) चालवायचाच नाही, ह्यात तडजोड नको.

जोडायला पांढरा फेविकॉल पुरतो, खरी ताकद गोंदाची, स्क्रू फक्त गोंद सुकेपर्यंत धरायला. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली गोंद इतका भराभर वाळतो की चार फळ्यांना लावेपर्यंत पहिलीवर साय धरलेली असते, त्यामुळे हे काम पहाटे किंवा रात्री करणं चांगलं. क्लॅम्प कमी असतील तर शहाबादी फरशीचे तुकडे वजन म्हणून ठेवतात, ते मस्त बसतात. आतून आडवी पट्टी म्हणजे ब्रेसिंग द्यायलाच पाहिजे. फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो हे खरं, पण खर्च आणि वजन बघता मधोमध एक ब्रेस टाकणं केव्हाही परवडतं. पेटी चौकोनी ठोकळा करू नये, तिन्ही मापं सारखी असली की आतल्या लाटा एकाच सुरावर साचतात.

बंद पेटी खरंच बंद असली पाहिजे, सांध्यात आतून गोंद फिरवायचा, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी. आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरतात, त्यामुळे पेटी आवाजाला थोडी मोठी भासते. पोर्टवाल्या पेटीत मात्र फक्त भिंतींना अस्तर, पाइपचं तोंड मोकळं. मग क्रॉसओव्हर, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर वापरून ट्विटरला (छोट्या स्पीकरला) फक्त वरचे सूर आणि वूफरला (मोठ्या स्पीकरला) खालचे. वायर जोडायच्या आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघायचा, कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे लागलंय तेच स्पीकरचं प्लस. डाव्या-उजव्या दोन पेट्यांपैकी एकीचा स्पीकर उलटा जोडला गेला तर बेस गायब होतो आणि माणूस उगाच पेटीला दोष देत बसतो.

टेस्टिंग करताना शेजाऱ्यांचा विचार आधी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. चांगल्या पेटीची परीक्षा हळू आवाजातच होते, तबल्याचा बायाँ सुटा ऐकू येतो का, निवेदकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो का, एवढं ऐकलं तरी बरंच कळतं. पोर्टचं ट्युनिंग तपासायला इम्पिडन्सचा, म्हणजे स्पीकर प्रत्येक सुराला विजेला किती अडवतो त्याचा, आलेख काढतात, त्यात दोन डोंगर दिसतात आणि मधली दरी ज्या हर्ट्झवर ते तुमचं ट्युनिंग.

शेवटी खोली. इथल्या घरात सिमेंटच्या भिंती आणि फरशी, आवाज आपटून परत येतो आणि वरचे सूर टोचायला लागतात. समोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर भिंतीपासून बोटभर सोडून टांगली की तो टोचरेपणा बराच कमी होतो. बेसवर मात्र चादरीचा काही उपयोग नाही, तो कोपऱ्यात घुमत असेल तर पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढायची आणि परत ऐकायचं.