प्रौढ वयातील एडीएचडीची तपासणी : शिफारसपत्र मागण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

फोंड्यातील आमच्या छोट्या समुपदेशन केंद्रात येणारे प्रौढ ग्राहक अलीकडे वारंवार एकच विचारणा करतात : मला एडीएचडी असावा असे वाटते, तर तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे पत्र द्याल का? असे पत्र आम्ही देतो. मात्र त्यापूर्वी दोन भेटी व्हाव्या लागतात आणि आपणास घरातील काही जुने कागद शोधावे लागतात. हे कशासाठी, याचा खुलासा एकदाच नीट लेखी करावा म्हणून हे पत्रक काढले आहे.

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार असून लक्ष टिकवण्यातील अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही त्याची मुख्य अंगे आहेत. तो बालपणी सुरू होतो. चाळिशीत नव्याने जडत नाही. वय वाढते तशी बाहेरून दिसणारी चुळबुळ बहुधा ओसरते, पण विसराळूपणा, हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे, वेळेचा अंदाज चुकणे हे मागे उरते. शाळेत गप्प बसून वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणाऱ्या मुलींची अडचण तर पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही आलेली नसते. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्यामुळे, मुलाची तपासणी चालू असताना आईने किंवा वडिलांनी प्रथमच स्वतःकडे त्या दृष्टीने पाहावे, असेही घडते.

पत्र सक्तीचे नाही

ही गोष्ट आम्ही आधीच स्पष्ट करतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून ही तपासणी करून घ्यायची, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुढे पाठवावे लागते. तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून ही पद्धत ऐकून, येथेही तसेच असणार असे समजून काही जण फॅमिली डॉक्टरांकडे हेलपाटे घालतात. आपल्याकडे तशी अट नाही. आपण कोणत्याही खासगी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ थेट घेऊ शकता, किंवा बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, तेथील ओपीडीत स्वतः जाऊन केस पेपर काढू शकता. ज्यांना आमच्याकडे येण्याची गरज वाटत नाही, त्यांनी खुशाल तसेच करावे.

मग पत्राचा उपयोग काय? गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणारा वेळ मोजका असतो, आणि एडीएचडीचे निदान रक्ततपासणीवर किंवा मेंदूच्या स्कॅनवर होत नाही. ते माणसाच्या आयुष्याच्या इतिहासावर होते. हा इतिहास तयार नसेल, तर पहिली भेट "पुढच्या वेळी आईला घेऊन या" एवढ्यावर आटोपू शकते. पेडण्याहून किंवा काणकोणहून दोन बस बदलून आलेल्या माणसाला तो फेरा परवडत नाही. नीट लिहिलेले पत्र हा फेरा वाचवते. पत्राने रांगेतील क्रमांक मात्र पुढे सरकत नाही.

पहिली ते चौथीचे प्रगतिपुस्तक

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एडीएचडीची १८ लक्षणे दिली आहेत : ९ लक्ष न टिकण्याची आणि ९ अतिचंचलता व उतावळेपणाची. वयाच्या १७ वर्षांपासून पुढे, या दोहोंपैकी एका तरी गटातील किमान ५ लक्षणे, किमान सहा महिने, घर आणि कामाची जागा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांमुळे व्यवहारात खरोखर अडथळा यावा लागतो. याशिवाय, अनेक लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसू लागलेली असणे आवश्यक आहे. याआधीच्या आवृत्तीत हीच मर्यादा ७ वर्षांची होती.

गोव्यात ही बारा वर्षांची अट जरा जपून लावावी लागते, असे आमचे मत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोकणी बोलली गेली, प्राथमिक शाळा मराठीतून झाली, आणि पाचवीत पाऊल ठेवताच सगळे विषय इंग्रजीतून समोर आले. चौथीपर्यंत पहिल्या पाचांत असलेला मुलगा पाचवीत एकदम गणितातही मागे पडला, तर ते लक्ष न लागल्यामुळे की भाषा न कळल्यामुळे, हे पंचवीस वर्षांनंतर सांगणे सोपे नसते. पाचवीतले मूल दहा वर्षांचे असते. म्हणजे ही घसरण अटीत चपखल बसते, आणि घाईने पाहणारा ती लक्षण म्हणून मोजूनही टाकेल. म्हणून आम्ही पहिली ते चौथीच्या प्रगतिपुस्तकांना दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा अधिक किंमत देतो, आणि त्यांतही गुणांपेक्षा शेऱ्यांना. "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते", "गृहपाठ अपुरा", "शेजारच्यांशी सतत बोलते" असे शेरे निरनिराळ्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे लिहिले असतील, तर त्यांना वजन आहे. उलट, चौथीपर्यंतचे शेरे निर्मळ असून अडचण पाचवीपासूनच सुरू झाली असेल, तर तेही आम्ही पत्रात तसेच लिहितो. ते लपवून आपले काहीच भले होणार नाही.

प्रगतिपुस्तके गणेशचतुर्थीच्या आधीच्या कुठल्याशा साफसफाईत गेली असतील, तर लहानपणी आपल्याला रोज पाहिलेली व्यक्ती सोबत आणावी : आई, वडील, आजी, आत्या, मोठी बहीण. येणे शक्य नसेल तर त्यांच्याशी आम्ही फोनवर बोलू. घरून निघण्यापूर्वी त्यांना या विकाराची लक्षणे पढवू नयेत. पढवलेले उत्तर ऐकणाऱ्याला लगेच कळते. आम्हीही त्यांना रोगाचे नाव घेऊन काही विचारत नाही. दुकानावर साखर आणायला पाठवले तर काय घेऊन यायचा, एका पावसाळ्यात किती छत्र्या हरवायची, भजन संपेपर्यंत एका जागी बसायचा का, असे साधे प्रश्न विचारतो. छत्री सगळीच मुले हरवतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच भावंडांशी तुलना करून विचारतो.

प्रश्नावली आणि इतर कारणे

पहिल्या भेटीत आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली १८ प्रश्नांची स्वयंमूल्यमापन प्रश्नावली भरून घेतो. तिचे पहिले ६ प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी आहेत. पुष्कळ जण ती मोबाइलवर आधीच भरून येतात आणि "माझा एडीएचडी पॉझिटिव्ह आला" असे सांगतात. चाळणीत अडकणे म्हणजे निदान नव्हे. तपासणी करण्याजोगे काही आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

याचे कारण असे की चिंताविकार, नैराश्य, थायरॉइडचे असंतुलन, रक्तक्षय, झोपेत श्वास अडखळणे आणि दीर्घकाळ अपुरी झोप यांतही लक्ष उडते व विसर पडतो. हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या, किंवा पर्यटनाच्या हंगामात दिवसाला चौदा तास राबणाऱ्या माणसाचे लक्ष विचलित होत असेल, तर आम्ही आधी त्याच्या झोपेबद्दल विचारतो. दारू आणि गांजा यांविषयीही विचारतो, आणि त्यात कोणताही दोषारोप नसतो. पण हे उत्तर खरे मिळाले नाही, तर पुढची सगळी तपासणी चुकीच्या दिशेने जाऊ शकते. गेल्या सहा महिन्यांतील थायरॉइड व हिमोग्लोबिनचे अहवाल आपल्याकडे असतील तर घेऊन यावेत. नसतील तर ते करावेत की नाही, हे आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारावे.

आम्ही समुपदेशक आहोत. निदान करणे आणि औषध देणे आमच्या अधिकारात नाही, आणि आमच्या पत्रात "यांना एडीएचडी आहे" असे वाक्य आपणास सापडणार नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात, आणि गरज वाटल्यास ते आपणास चाचण्यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात. पत्र इंग्रजीत आणि सुमारे दीड पानाचे असते. सही करण्यापूर्वी आम्ही ते आपणास मराठीतून वाचून दाखवतो आणि आपण सांगाल ती चूक दुरुस्त करतो. पत्राचे वेगळे शुल्क नाही, आणि कोणाकडेही पाठवण्याबद्दल आम्ही त्यांच्याकडून काही घेत नाही.

कोणाला कळेल?

गोवा लहान आहे. डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात शेजारीण भेटेल ही भीती आम्ही रोज ऐकतो, आणि ती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस आमच्यात नाही. आयपीएचबी आता गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातच आहे, त्यामुळे बांबोळीला जाणारा माणूस कोणत्याही कारणाने गेलेला असू शकतो. तरी पूर्वी पणजीच्या आल्तिनोवर असलेले "वेड्यांचे इस्पितळ" ज्यांच्या मनातून गेलेले नाही, असे वडीलधारे घरोघरी आहेत. आमच्या बाजूने एवढे सांगता येते की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार आपली माहिती गोपनीय राखली जाणे हा आपला हक्क आहे आणि कलम २५ नुसार आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचाही हक्क आहे. पत्र बंद पाकिटात आपल्याच हाती दिले जाते. कंपनीला किंवा सासरच्या मंडळींना आम्ही काहीही कळवत नाही, मग फोन कोणाचाही येवो.

वाट पाहण्याच्या काळात जीव नकोसा वाटू लागला, तर आमच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो.

औषधाविषयी थोडे

निदान झाले म्हणजे औषध घ्यावेच लागते असे नाही, परंतु ज्यांना डॉक्टर ते सुचवतात, त्यांना पुढील गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक वर्गातील औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या कायदेशीर यादीत, मोडते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत फार्मसीवाल्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यासाठी वेगळा परवाना लागत असल्यामुळे ते प्रत्येक फार्मसीत मिळत नाही. एखाद्याने "नाही" म्हटले तर आपल्याकडे संशयाने पाहिले असे समजू नये. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते ऑनलाइन भेटीत लिहून देता येत नाही, म्हणून "घरबसल्या निदान आणि औषध" अशी जाहिरात दिसल्यास सावध राहावे. हे औषध नाडी व रक्तदाब वाढवू शकते. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध उत्तेजक वर्गातील नाही, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे जातात.

आखातात नोकरीला असलेल्यांनी आणि जहाजावर जाणाऱ्या तारवटींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत नियंत्रित औषधे सोबत नेण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. औषध सुरू करतानाच डॉक्टरांना आपल्या जाण्याची तारीख सांगावी, त्यांचे सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे, आणि गोळ्या मूळ वेष्टणातच ठेवाव्यात.