मार्च ८९, ऑक्टोबर ९० : दहावीच्या ‘आयएमपी’ प्रश्नांची पार्श्वभूमी

आमच्या घरात भूमितीचं एक गाइड होतं. आधी ते थोरल्या भावाने वापरलं, पुढच्या वर्षी आतेबहिणीने, आणि १९९४च्या मार्चमध्ये मी दहावीला बसलो तेव्हा ते माझ्याकडे आलं. खाकी कव्हर, शिवण उसवलेली. टेबलावर ठेवलं की ते आपोआप एकाच पानावर उघडायचं, पायथागोरसच्या प्रमेयावर. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी बारीक टाइपात कंस असायचा : (मार्च ८९), (ऑक्टो. ९०). जिथे छापील सालं संपली तिथून पुढची भावाने पेपर देऊन आल्यावर पेनने लिहिली होती, त्याच्यापुढची बहिणीने. शेजारी पेन्सिलीच्या चांदण्या आणि लाल शाईत ‘व्हेरी आयएमपी’. धडा वाचायच्या आधी मी ते कंस वाचायला शिकलो.

यंदा काय येणार, हे ओळखायचा हा उद्योग महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घराने कधी ना कधी केलेला आहे. मोठी माणसं त्याला अभ्यास टाळायची पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. मागे जाऊन पाहिलं तर दिसतं की अंदाज बांधायला लागणारं सगळं सामान परीक्षा घेणाऱ्यांनीच पोरांच्या हाती दिलं, आणि बहुतेक वेळा चांगल्याच हेतूने दिलं.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा होती विद्यापीठात शिरण्याची, पण थोड्याच वर्षांत ती सरकारी नोकरीचाही दरवाजा झाली. मराठी शाळांतून शिकलेल्यांसाठी व्हर्नाक्युलर फायनल होती, आणि ती पास झालेला माणूस गावात मास्तर किंवा तलाठी होऊ शके. एका पेपरावर घरादाराची भाकरी ठरू लागली की त्या पेपरात काय असेल याचा विचार माणूस करणारच. विचार करायला साधन मात्र लागतं, आणि ते विद्यापीठानेच पुरवलं. दरवर्षी निघणाऱ्या विद्यापीठाच्या कॅलेंडरात नियम, नेमलेली पुस्तकं आणि पास झालेल्यांची नावं असत, तशाच झालेल्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकाही छापलेल्या असत. परीक्षा उघड आणि सर्वांना सारखी असावी, म्हणून हे छापणं होतं. पण पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या की कुठला प्रश्न फिरून फिरून येतो ते कुणालाही दिसतं. आमच्या गाइडातल्या कंसांचं मूळ तिथे आहे.

याची तक्रारही तितकीच जुनी. लॉर्ड कर्झनने नेमलेल्या १९०२च्या विद्यापीठ आयोगाने म्हटलं होतं की इथे शिकवण्यासाठी परीक्षा नाही, परीक्षेसाठी शिकवणं आहे, आणि हाच या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने लिहिलं की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षांचीच सुचवू. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये माध्यमिक शाळांबद्दल जवळपास तेच सांगितलं : निबंधवजा पाचसहा प्रश्नांच्या पेपरात नशिबाचा वाटा फार राहतो. पाच धडे पाठ करून जाणाऱ्याला तेच पाच आले तर तो हुशार ठरतो आणि दहा धडे समजून घेतलेला मागे पडतो. अंदाज बांधण्याला खरं बळ या रचनेतून मिळालं. वर्षभराचा अभ्यास मोठा, पेपर लहान, आणि वर ‘कोणतेही पाच प्रश्न सोडवा’.

आपल्याकडे शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून वेगळी झाली ती १९४८च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने, आणि पहिली एस.एस.सी. १९४९ मध्ये झाली. तेव्हा ती अकरावीला होती. जुनी माणसं अजून ‘अकरावी मॅट्रिक’ म्हणतात. विदर्भ आणि मराठवाड्यातली मुलं तेव्हा वेगळ्या राज्यांच्या परीक्षा देत. महाराष्ट्र झाल्यावर १९६५चा कायदा आला, १ जानेवारी १९६६ला राज्य मंडळ अस्तित्वात आलं आणि २७ जानेवारी १९६७ला बालभारती स्थापन झाली. एक पुस्तक आणि एक मंडळ. अंदाजाच्या दृष्टीने ही घटना फार मोठी. आता गोंदियाच्या पोराची चांदणी आणि सावंतवाडीच्या पोराची चांदणी एकाच पेपराकडे बोट दाखवू लागली, आणि तिला राज्यभर बाजार मिळाला.

पण या सगळ्या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीचं काम. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम १९५७ मध्ये भारतात आले, परीक्षा कशी सुधारावी यावर त्यांनी इथल्या शिक्षकांसोबत काम केलं, आणि १९५८ मध्ये दिल्लीत केंद्रीय परीक्षा विभाग निघाला. प्रश्न मनाला येईल तसे काढायचे नाहीत, हे तिथून पक्कं झालं. आधी तक्ता करायचा : कुठल्या प्रकरणाला किती गुण, पाठांतराला किती, समजेला किती, उपयोजनाला किती, लघुत्तरी किती, दीर्घोत्तरी किती. बी.एड. केलेला प्रत्येक मराठी शिक्षक याला ‘संविधान तक्ता’ म्हणतो. प्रकरणांचा गुणभार ठरला की कुठलंच प्रकरण वगळलं जाणार नाही आणि पेपरातला नशिबाचा भाग कमी होईल, असा त्यामागचा विचार. तो बरोबरही होता. सबंध पेपरातून ‘कोणतेही पाच’ निवडायची मुभा हळूहळू गेली आणि प्रत्येक प्रश्नाच्या आत पर्याय आले.

पोरांनी, त्यांच्याहीपेक्षा क्लासवाल्यांनी, हाच तक्ता उलट्या बाजूने वाचला. प्रत्येक प्रकरणाचे गुण ठरलेले आणि वर ते ‘विकल्पासह’, म्हणजे पर्यायी प्रश्नांचे गुण धरून, जाहीर. मग हिशेब सोपा : कुठलं प्रकरण पूर्ण सोडलं तरी पेपर पुरा होतो? यातून मराठीला एक अस्सल वाक्प्रचार मिळाला, ‘ऑप्शनला टाकणे’. “त्रिकोणमिती मी ऑप्शनला टाकलीय,” असं पोरगं शांतपणे सांगतं. त्याचा अर्थ त्याने हिशेब केलेला आहे.

आजच्या भूमितीवरून हे नीट कळेल. २०१८ पासूनच्या पुस्तकात सात प्रकरणं आहेत : समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. पेपर ४० गुणांचा. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. पाचव्यात दोनपैकी एक, ३ गुण. यातलं भौमितिक रचना हे प्रकरण बघा. त्यात मोजकेच प्रकार आहेत. दिलेल्या त्रिकोणाशी समरूप त्रिकोण काढायचा, वर्तुळावरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची, नाहीतर वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका काढायच्या. आकडे बदलतात, रचना तीच राहते. म्हणून कुठलाही शिक्षक फेब्रुवारीत काठावरच्या मुलांना आधी कंपास काढायला लावतो. याला मी चलाखी म्हणणार नाही. दुपारी शेतात किंवा दुकानात राबून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला चाळीस दिवसांत सातही प्रकरणं होणार नसतील, तर कुठून सुरुवात करायची हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं.

गुणभारावर बांधलेला अंदाज भक्कम असतो, सालांवर बांधलेला तितका नाही. सालांचे दोन नियम पोरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. पहिला : मागच्या मार्चला आलं ते यंदा येत नाही. यात तथ्य असायचं, कारण पेपर काढणाऱ्यासमोर मागचा पेपर असतो आणि तोच प्रश्न पुन्हा घालणं तो सहसा टाळतो. दुसरा : दोन-तीन वर्षं आलं नाही, म्हणजे यंदा नक्की. याला आधार नाही. न आलेला प्रश्न काही रांगेत उभा नसतो. तरी कंसातली सालं बघत बसलं की डोळ्यांना रांग दिसायला लागते. मला दिसायची. ऑक्टोबरची फेरपरीक्षा होती तोवर वर्षाला दोन पेपर मिळायचे आणि कंस भराभर भरायचे. २०१५ पासून दहावीची ती परीक्षा जुलैत होऊ लागली.

गाइडं यात कधी आली? नवनीत प्रकाशनाची सुरुवात १९५९ची. मंडळ एक झालं तसा हा धंदा वाढला, आणि पुढे गाइडाच्या शेजारी ‘अपेक्षित’ आलं. ‘एकवीस अपेक्षित’ हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा मराठी माध्यमाचा विद्यार्थी सापडणं कठीण. एकवीस प्रश्नपत्रिकांचा संच जानेवारी-फेब्रुवारीत रस्त्यावरच्या पुस्तकांच्या टेबलांवर थप्प्यांनी लागायचा. पेपर झाल्यावर वर्गावर्गांतून एकच वाक्य : “सगळं अपेक्षितमधलंच आलं.” ते खोटं नसायचं. एका पुस्तकावर एकवीस पेपर काढले की त्या पुस्तकातला विचारण्याजोगा प्रश्न सुटणार कुठे? त्याचा खरा उपयोग वेगळा होता. ज्यांच्या शाळेत सराव परीक्षा धड होत नसे त्यांना घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय त्यातून लागली. ते श्रेय मी त्याला मनापासून देतो.

अंदाज आणि फुटलेला पेपर यांत सरमिसळ होऊ देऊ नये. पेपर फोडणं हा गुन्हा आहे. त्यासाठी महाराष्ट्रात १९८२चा परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा आहे. पण एखाद्या सरांनी सांगितलेले चार प्रश्न जसेच्या तसे आले की गावात कुजबुज सुरू होते, आणि वीस वर्षं तोच विषय शिकवणाऱ्या माणसावर विनाकारण संशय येतो. वीस वर्षांत त्याने तो तक्ता इतक्यांदा पाहिलेला असतो की पेपर काढणाऱ्याचा हात त्याला ओळखू येतो.

गेल्या काही वर्षांत या घडीला दोनदा धक्का बसला. पहिला मार्च २०१९ला. नवीन पुस्तकांची ती पहिली दहावी. भाषांना कृतिपत्रिका आली, उतारा देऊन त्यावर कृती आणि ‘स्वमत’. शिवाय भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत २० गुण काढून घेतले होते. मागची सालं नाहीत, गाइडातले कंस रिकामे. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. यात अंतर्गत गुण जाण्याचा वाटा मोठा होता, पण जुनं काहीच हाताशी नसल्याची भीती त्या वर्षीच्या मुलांच्या तोंडून मी स्वतः ऐकली आहे. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. दरम्यान ‘स्वमत’ची तयार उत्तरंही छापून आली. स्वतःचं मत छापील मिळतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा धक्का करोनाचा. २०२०ला भूगोलाचा पेपर झालाच नाही. २०२१ला परीक्षाच रद्द झाली. २०२२ला पाव अभ्यासक्रम कमी करून, जादा वेळ देऊन परीक्षा घेतली. त्या काळात राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनेच विषयवार प्रश्नपेढ्या काढल्या. वर्ग बंद, मोबाइल एक आणि भावंडं तीन, अशा घरांना तो फार मोठा आधार होता. काय येणार नाही हे सरकारने सांगितलं आणि काय येऊ शकेल याची यादीही दिली. एरवी पोरं जे चोरून, कुजबुजत करत होती ते त्या दोन वर्षांत राजरोस झालं. आता पेपराच्या आदल्या रात्री ‘उद्या हेच येणार’ असे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो फिरतात. त्यात प्रश्न असतात, पण ते कुठल्या हिशेबाने निवडले हे लिहिलेलं नसतं. आमच्या भावाच्या चांदणीखाली निदान साल असायचं.

निबंधाचं शेवटी सांगतो, कारण अंदाज सर्वांत जास्त तिथे चालतो. प्रकार ठरलेले : वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्त, वैचारिक. त्यात वर्षभरात काय घडलं ते मिसळायचं, की विषय हाती आला. २०२० नंतर मुलांनी लॉकडाऊनचे निबंध बसवले, तसं आमच्या वेळी भूकंपाचं झालं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि दिवाळीनंतर आमच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर ‘भूकंपग्रस्ताचे मनोगत’ लिहून दिलं. “यंदा हेच,” ते म्हणाले. सुरुवात अशी होती : ‘ती काळरात्र आठवली की आजही माझ्या अंगावर शहारे येतात.’ आम्ही चाळीस जणांनी ती उतरवून घेतली.

आमच्या बाकावर त्या वर्षी एक नवा मुलगा आला होता. औसा तालुक्यातला, मामाकडे राहायला आलेला. घर पडलं होतं, आजी त्यात गेली होती. हे तो एकदाच, पाणी प्यायला गेलो असताना बोलला होता. सरांना ते माहीत नव्हतं. त्यानेही वही उघडली आणि आमच्यासारखंच ते वाक्य फळ्यावरून उतरवून घेतलं. जानेवारीच्या सराव परीक्षेत तोच विषय आला, आणि पेपर परत मिळाले तेव्हा मी त्याचा निबंध वाचला. काळरात्र, शहारे, सगळं जागच्या जागी होतं. आजीचं त्यात काहीच नव्हतं. त्याला १५ पैकी ११ पडले होते, मला १२.